चौसष्ट टक्के खात्री

४८, १४ आणि ४. ‘कौन बनेगा करोडपती’च्या हॉटसीटवर बसलेल्या महाराष्ट्रातल्या तीन माणसांपुढे शेवटचा प्रश्न आला, त्या क्षणाचे हे आकडे आहेत. उत्तराबद्दल किमान किती टक्के खात्री असली तर सरासरीच्या हिशोबाने खेळणं परवडतं, एवढंच ते सांगतात. ४८ टक्के हर्षवर्धन नवाथे यांचे, साल २०००. १४ टक्के बबिता ताडे यांचे, साल २०१९. ४ टक्के कविता चावला यांचे, साल २०२२. नवाथे खेळले आणि या खेळातले पहिले करोडपती झाले. बाकी दोघींनी १ कोटी रुपये घेऊन खेळ सोडला.

चारपैकी कुठलाही पर्याय डोळे मिटून निवडला तरी तो बरोबर असण्याची शक्यता २५ टक्के असते. मग १४ किंवा ४ टक्केच पुरणार असताना थांबायचं कशाला? खेळ सोडणाऱ्या स्पर्धकाबद्दल ‘घाबरली’, ‘हिंमत नाही’ असं घरोघरी टीव्हीसमोर बोललं जातं, त्याच्या मुळाशी हाच हिशोब असतो. तो अर्धा आहे. पुरा केला तर बबिता ताडे यांचं थांबणं या खेळातल्या सगळ्यांत शहाण्या निर्णयांपैकी एक होतं, असं माझं ठाम मत आहे.

आधी शिडी पाहू. ३ जुलै २००० रोजी हा खेळ सुरू झाला तेव्हा १५ प्रश्न होते. पहिल्याला १,००० रुपये, पाचव्याला १०,०००, दहाव्याला ३,२०,०००, मग ६,४०,०००, १२.५ लाख, २५ लाख, ५० लाख आणि १ कोटी. १०,००० आणि ३,२०,००० हे दोन पडाव. पडावापुढे कुठेही चुकलं की माणूस त्या पडावावर येऊन पडतो, आणि उत्तर न देता खेळ सोडला तर हातातली पूर्ण रक्कम त्याची. मूळ खेळ ब्रिटनचा, १९९८ सालचा. तिथे वरचं बक्षीस १० लाख पौंड, त्याखाली ५ लाख, आणि पडाव ३२,००० पौंडांचा. आपले ३.२ लाख, ५० लाख आणि १ कोटी हे त्याच आकड्यांना दहाने गुणून आलेले आहेत. त्यामुळे शेवटच्या प्रश्नाला लंडनच्या स्पर्धकाला जेवढी खात्री लागे, तेवढीच मुंबईच्या स्पर्धकाला लागत होती. नवाथे जिंकले ऑक्टोबर २००० मध्ये. ब्रिटनला पहिली विजेती मिळाली त्यानंतर, नोव्हेंबरात.

नवाथे २७ वर्षांचे होते आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करत होते. हातात ५० लाख. बरोबर आलं तर आणखी ५० लाख, चुकलं तर ४६.८ लाख जाणार. मिळणारं आणि जाणारं जवळजवळ सारखं, म्हणून खात्री निम्म्याच्या आसपास लागते: ४६.८ भागिले ९६.८, म्हणजे ४८ टक्के. प्रश्न होता, संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची मुभा राज्यघटना कोणाला देते. उत्तर, महान्यायवादी. घटनेच्या ८८ व्या कलमाने त्यांना दोन्ही सभागृहांत बोलता येतं, मत देता येत नाही. लोकसेवा आयोगाचा अभ्यास करणाऱ्याला हे पाठच असतं. नवाथे खेळले ते धाडस म्हणून नव्हे, त्यांच्याकडे ४८ टक्क्यांपेक्षा बरीच जास्त खात्री होती म्हणून.

तिथवर पोचणं किती अवघड असतं, तेही आकड्यांत पाहू. नुसत्या अंदाजाने १५ उत्तरं बरोबर येण्याची शक्यता १०७ कोटींत एक. ते कोणी करत नाही. पण प्रत्येक प्रश्नाला ९० टक्के खात्री असलेला, म्हणजे खूपच वाचलेला माणूस घ्या. त्याचीही १५ पायऱ्या चढण्याची शक्यता २१ टक्केच भरते, कारण खात्रीला खात्रीने पंधरा वेळा गुणावं लागतं. ८० टक्केवाल्याची साडेतीन टक्के. प्रश्न पुढे कठीण होत जातात, म्हणून मी एक काल्पनिक स्पर्धक धरला: पहिल्या पाचांना ९८ टक्के, मधल्या पाचांना ८५, शेवटच्या पाचांना ५५. त्याची १ कोटीपर्यंत पोचण्याची शक्यता २ टक्के. आता त्याने तिन्ही लाइफलाइन शेवटच्या पाचांसाठी राखल्या आणि त्या तीन प्रश्नांवर खात्री ५५ वरून ८० झाली असं माना. शक्यता ६ टक्क्यांवर जाते. ज्ञान तेच, फक्त मदत कधी मागायची ते कळलं, आणि तिप्पट फरक पडला. चौथ्या-पाचव्या प्रश्नाला लाइफलाइन घालवणाऱ्यांना पाहून जीव हळहळतो तो म्हणूनच.

खात्री ही माणसागणिक आणि गावागणिकही बदलते. ब्रिटिशांनी पदच्युत करून हद्दपार केलेल्या थिबा राजाला कुठे ठेवलं होतं, हा प्रश्न समजा नवव्या-दहाव्या पायरीवर आला. देशातल्या बहुतेकांना तो अवघड. रत्नागिरीतल्या शाळकरी पोरालाही तो सोपा, कारण थिबा पॅलेस सहलीत पाहिलेला असतो. १८८५ मध्ये ब्रह्मदेशाचं राज्य गेलं, १८८६ मध्ये राजा रत्नागिरीत आला, १९१० मध्ये राजवाडा झाला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. त्याच्या आधी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला रंगूनला नेलं होतं, तो तिथेच १८६२ मध्ये वारला. दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशात, ब्रह्मदेशाचा राजा कोकणात. यातलं अर्धं रत्नागिरीकराला घरबसल्या ठाऊक असतं, उरलेलं अर्धं वाचनातून यावं लागतं. त्यासाठी गावात १८२८ सालापासूनचं नगर वाचनालय आहे.

बबिताताईंचा १ कोटीचा प्रश्न नेमका जफरच्या दरबारातला होता. १८५७ च्या उठावाची स्वतःची हकीकत ‘दास्तान-ए-गदर’ या नावाने कोणत्या दरबाऱ्याने लिहिली? उत्तर, जहीर देहलवी. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिताताई शाळेत साडेचारशे मुलांची खिचडी शिजवत होत्या. मानधन महिना १,५०० रुपये. ज्या बाईच्या घरात राजवाडा नाही, किल्ला नाही, दिल्ली नाही, तिने हे नाव ओळखलं ते निव्वळ वाचनाच्या जोरावर. त्याचं मला फार मोल वाटतं. शेवटच्या प्रश्नावर थांबली म्हणून तिची उलटतपासणी करणाऱ्यांनी आधी हे उत्तर स्वतःला आलं असतं का ते पाहावं.

मग आला ७ कोटींचा प्रश्न: कोणत्या राज्याचे सर्वाधिक राज्यपाल पुढे राष्ट्रपती झाले? उत्तर, बिहार: झाकीर हुसेन आणि रामनाथ कोविंद. बबिताताईंना खात्री नव्हती. हातात १ कोटी. बरोबर आलं तर ७ कोटी, चुकलं तर ३.२ लाख. सरासरीने पाहिलं तर डोळे मिटून मारलेल्या अंदाजाची किंमत १ कोटी ७७ लाख निघते, हातातल्या कोटीपेक्षा जास्त. पण सरासरी म्हणजे हाच प्रश्न शंभर वेळा समोर आला तर दर वेळी सरासरी काय मिळेल, ते. बबिताताईंपुढे तो एकदाच आला होता. शंभरातल्या पंचाहत्तर वेळा ३.२ लाख घेऊन घरी परतणारी बाई आणि पंचवीस वेळा ७ कोटी घेऊन परतणारी बाई यांची बेरीज करून कोणाचंच घर चालत नाही.

डॅनियल बर्नुली या स्विस गणितज्ञाने १७३८ मध्येच या कोड्यावर तोड सुचवली होती. रुपये मोजू नका, पटी मोजा. एकाचे दोन होताना जेवढा फरक पडतो, तेवढाच दोनाचे चार होताना पडतो असं धरा. आता बबिताताईंची शिडी पाहा. ३.२ लाखांवरून १ कोटीला जायला जवळजवळ पाच वेळा दुप्पट व्हावं लागतं. १ कोटीवरून ७ कोटींना तीन वेळाही नाही, २.८. म्हणजे चुकलं तर पाच दुपटी जाणार, बरोबर आलं तर तीनही नाहीत. या मापाने खेळायला ६४ टक्के खात्री हवी. २५ टक्क्यांचा अंदाज सोडाच, ‘फिफ्टी-फिफ्टी’ शिल्लक असती आणि दोन पर्याय उडाले असते, तरी ती ५० टक्क्यांचीच गोष्ट झाली असती. तेही कमीच. याच मापाने नवाथे यांना ८० टक्के लागत होते, आणि संविधानाच्या प्रश्नावर ते त्यांच्यापाशी होते.

आता हाच प्रश्न, हीच शिडी, पण खुर्चीत असा माणूस बसवा ज्याच्याकडे आधीच १ कोटीची मालमत्ता आहे. तो जिंकला तर २ कोटींचे ८ होतात, दोन दुपटी. हरला तर २ कोटींचे १ कोटी ३ लाख राहतात, एका दुपटीहून कमी नुकसान. त्याला ३२ टक्के खात्री पुरते. एक पर्याय नक्की चुकीचा आहे एवढं कळलं तरी तो खेळू शकतो. म्हणजे एकाच प्रश्नाला गरिबाला श्रीमंताच्या दुप्पट खात्री लागते. धाडसी कोण आणि भित्रं कोण हे ठरवण्यापूर्वी हा आकडा बघायला हवा. पैसेवाल्याचं धाडस पुष्कळदा त्याच्या बँकेतून आलेलं असतं.

कराचा हिशोब जोडला की चित्र आणखी स्पष्ट होतं. अशा बक्षिसावर सरसकट ३० टक्के प्राप्तिकर लागतो, वर अधिभार आणि ४ टक्के उपकर. रक्कम मोठी तसा अधिभार मोठा: ५० लाखांवर १० टक्क्यांपासून तो सुरू होतो, आणि २०१९ मध्ये ५ कोटींवर ३७ टक्के होता. दुसरं उत्पन्न नगण्य धरलं तर १ कोटीतले सुमारे ६५ लाख ६८ हजार हाती राहतात, ७ कोटींतले ४ कोटी १ लाख, आणि ३.२ लाखांतले २ लाख २० हजार. ही रक्कम ६ टक्क्यांनी ठेवीत ठेवली तर महिन्याला काय येईल? १ कोटीवाल्या बाईला सुमारे ३२,८००. ७ कोटीवालीला २ लाख. आणि पडावावर आपटलेलीला १,१००, म्हणजे खिचडीच्या मानधनापेक्षाही कमी.

१,५०० वरून ३२,८०० ला जाण्यात आयुष्य बदलतं: मुलांचं शिक्षण, पक्कं घर, आजारपणाची भीती जाणं. ३२,८०० वरून २ लाखांना जाण्यात ते ऐसपैस होतं. ऐसपैस होण्यासाठी बदललेलं आयुष्य पणाला लावायचं नाही, एवढं बबिताताईंना बर्नुली न वाचता कळलं. १,५०० रुपये महिन्याने १ कोटी मिळवायला ५५५ वर्षं लागतात. केंद्राच्या निकषात हे मानधन वर्षातले १० महिनेच धरलेलं आहे, त्या हिशोबाने ६६६ वर्षं. एवढं एका संध्याकाळी हाती आलेलं असताना चारात एक या भरवशावर ते उधळायला कोण सांगेल? आणि ती एकटी नव्हती. २०१९ च्या त्या मोसमात चौघे जण १ कोटीपर्यंत पोचले, आणि चौघेही १ कोटी घेऊनच परतले. चारही माणसं भित्री असतील यापेक्षा ती शिडीच थांबायला लावणारी होती, हे जास्त पटतं.

शिडीचं श्रेय किंवा दोष किती, हे तीन वर्षांनी दिसलं. २०२२ मध्ये स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीनिमित्त वरचं बक्षीस साडेसात कोटी झालं, ५० लाख आणि १ कोटी यांच्या मधे ७५ लाखांची नवी पायरी आली, आणि महत्त्वाचं म्हणजे ती पडाव ठरली. त्या मोसमाच्या पहिल्या करोडपती कोल्हापूरच्या कविता चावला. रत्नागिरीकरांना आंबा घाट चढला की कोल्हापूरच, त्यामुळे त्या विजयाचं इकडेही अप्रूप होतं. बारावी शिकलेल्या गृहिणी, वय ४५, आणि या खेळात जाण्यासाठी २००० सालापासून धडपडत असलेल्या. म्हणजे नवाथे जिंकले त्याच वर्षापासून. बाकी कशाही आधी ही २२ वर्षं मला मोठी वाटतात. घरकाम, मुलाचा अभ्यास, आणि त्याबरोबर आपलंही वाचन, तेही कुठल्या पदवीची किंवा नोकरीची आशा नसताना. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, राज्यात सर्वांत जास्त. पुरुष मुंबईला आणि घर, शेती, पोरांची शाळा बायकांच्या खांद्यावर, हे त्यातलं बरंचसं कारण. अशा जिल्ह्यात कविताताईंचं उदाहरण कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

त्यांचा शेवटचा प्रश्न क्रिकेटचा होता: गुंडप्पा विश्वनाथ यांनी प्रथम श्रेणी पदार्पणात द्विशतक केलं ते कोणत्या संघाविरुद्ध? उत्तर, आंध्र. चुकलं असतं तर १ कोटीवरून ७५ लाखांवर, फक्त २५ लाखांचा फटका. सरासरीने ४ टक्के खात्री पुरत होती. दुपटीच्या मापानेही साडेबारा टक्के. २५ टक्क्यांचा आंधळा अंदाज त्याच्या दुप्पट भरतो. म्हणजे बबिताताईंच्या बाबतीत ज्या मापाने मी थांबणं बरोबर म्हटलं, तेच माप कविताताईंना ‘खेळा’ म्हणत होतं. त्याच मोसमात दिल्लीचा एक स्पर्धक खेळला, चुकला, आणि ७५ लाख घेऊन गेला. पडाव वर आला की माणसं धाडस करू लागतात, याचा तो पुरावा.

तरीही कविताताईंचा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. दुपटीचं मापही एक गोष्ट मोजत नाही. करानंतर १ कोटीचे ६५ लाख ६८ हजार आणि ७५ लाखांचे सुमारे ४९ लाख २६ हजार राहतात. मधे १६ लाखांचा फरक, आणि अंदाज मारला तर चारात तीन वेळा तो सोसायचा. घरापुढे एखादा ठरलेला खर्च असला, समजा मुलाच्या शिक्षणाचा ६० लाखांचा, तर ६५ लाखांत तो भागतो, ४९ लाखांत भागत नाही, आणि साडेसात कोटींतून उरणारे ४ कोटी २९ लाख त्या खर्चासाठी तरी जादाच आहेत. ज्याला रक्कम नको, काम पुरं व्हायला हवं, त्याच्या दृष्टीने पुरेसं झालं तिथे थांबणं हाच हिशोब आहे. फक्त इथे आकडा एकाच बाजूला बोलत नाही. बबिताताईंच्या वेळी तो बोलत होता.

स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या रत्नागिरीच्या मुलामुलींना हे गणित वेगळ्या रूपात रोज भेटतं. केंद्रीय आयोगाच्या पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एकतृतीयांश गुण कापतात. चार पर्यायांवर अंदाज मारला तर सरासरी नेमकी शून्य येते; आयोगाने अंदाजाचा नफा काढून घेतला आहे. राज्य आयोगाच्या पूर्वपरीक्षेत एकचतुर्थांश कापतात, तिथे अंदाजाला दर प्रश्नामागे गुणाचा सोळावा हिस्सा फायदा राहतो. पण या दोन्हींत एक चूक आधीच्या ९९ उत्तरांना हात लावत नाही. टीव्हीवरच्या शिडीत एक चूक मागची चार-पाच उत्तरं पुसते. परीक्षेची सवय घेऊन हॉटसीटवर जाणाऱ्याने ही एक गोष्ट मनाशी पक्की करून जावी.

पडावांबद्दल एक तक्रार मात्र नोंदवायला हवी. मधल्या मोसमांत शिडी बदलली, पण २००० ची आणि २०१९ ची शिडी शेजारी ठेवली तर पहिल्या १५ पायऱ्या तंतोतंत त्याच आहेत. महागाई तीच राहिली नाही. प्राप्तिकर खात्याचा महागाई निर्देशांक २००१-०२ मध्ये १०० धरला तर २०१९-२० मध्ये २८९ आणि २०२२-२३ मध्ये ३३१ होता. म्हणजे बबिताताईंचा कोटी नवाथे यांच्या काळातल्या साधारण ३५ लाखांच्या तोलाचा, कविताताईंचा ३० लाखांच्या. वरचं बक्षीस १ कोटीचं ७ कोटी झालं, जाहिरातीत तेच दिसलं. पण ३.२ लाखांचा पडाव जागेवरच राहिला, आणि त्याची खरी किंमत २०१९ पर्यंत एक लाख दहा हजारांवर घसरली होती. वरचा आकडा फुगत गेला, खाली पडणाऱ्याला झेलणारी पायरी महागाईने आणखी खाली नेली.

महागाईप्रमाणे तो पडाव वाढवला असता तर २०१९ मध्ये तो सव्वानऊ लाखांवर असता आणि बबिताताईंना ६४ ऐवजी ५५ टक्के खात्री लागली असती. २०२२ सारखा ७५ लाखांचा पडाव तेव्हा असता, तर १३ टक्के. १३ टक्क्यांवर चार पर्यायांतला कुठलाही अंदाज चालतो. तशी शिडी असती तर अंजनगाव सुर्जीची ती बाई बिहारचं नाव घ्यायला मोकळी राहिली असती.